लॅब्रडॉरचं पिल्लू नऊ हजारांना की पस्तीस हजारांना? किमतीमागचा हिशोब

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यातल्या एका कुटुंबाला लॅब्रडॉरचं पिल्लू घ्यायचं आहे. एक विक्रेता ९,००० रुपये सांगतो, दुसरा ३५,०००. फोटोत दोन्ही पिल्लं सारखीच. मग मधले २६,००० नेमके कशाचे, आणि पिल्लू घरी आल्यावर आणखी किती लागतील?

फोटोवर आधी फुली मारा. पाच आठवड्यांचं, पिवळसर, गुबगुबीत असं कुठलंही पिल्लू लॅबसारखंच दिसतं. फरक पिल्लाच्या तोंडावर नसतो, त्याच्या आईवर किती खर्च झाला यात असतो. म्हणून हिशोब ब्रीडरच्या बाजूने मांडून बघू. खालचे आकडे पुणे-मुंबई-नाशिककडचे आणि ढोबळ आहेत. लहान गावात डॉक्टरची फी कमी असते, खाद्याचा भाव तोच राहतो.

समजा, लॅबच्या मादीला सात पिल्लं झाली आणि सातही जगली. चांगल्या नराचा मेटिंगचा दर साधारण एका पिल्लाच्या किमतीइतका असतो, किंवा नरमालक पहिलं पिल्लू निवडून नेतो. धरू २०,०००. मादी माजावर आल्यावर नेमका दिवस ठरवायला दोनेक वेळा प्रोजेस्टेरॉनची रक्ततपासणी, महिन्याभराने सोनोग्राफी, ५५ दिवसांनंतर पिल्लं मोजायला एक्स-रे: सगळे मिळून ६,०००. गाभणपणाचे शेवटचे तीन आठवडे आणि पिल्लं अंगावर पीत असताना आईचा आहार दुपटी-तिपटीवर जातो, त्याचे वरचे १२,०००. चौथ्या आठवड्यापासून पिल्लं स्वतः खायला लागतात. आठव्या आठवड्यापर्यंत एका पिल्लाला साडेतीन-चार किलो स्टार्टर खाद्य लागतं, म्हणजे सातांचे साधारण १३,०००. जंताचं औषध, पहिली लस आणि तपासणी पिल्लामागे १,२०० धरली तर ८,४००. मायक्रोचिप (मानेत कातडीखाली बसवायची ओळख क्रमांकाची बारीक चिप) आणि नोंदणी पिल्लामागे हजार, म्हणजे ७,०००. मदतनीस, साफसफाई, उबेचा दिवा, कपडे आणि रद्दी यांचे १०,०००. आईबापांच्या खुब्यांच्या एक्स-रेचा या वेताच्या वाट्याला येणारा भाग ४,०००. झाले सुमारे ८०,०००.

पण मादी वर्षभर खाते आणि नियमाप्रमाणे वर्षात एकच वेत घेता येतं. तिच्या वर्षाच्या खर्चाचे निदान ६०,००० यात धरायला हवेत. एकूण १,४०,०००, पिल्लामागे २०,०००. यात ब्रीडरच्या कष्टाचा रुपयाही नाही. मादी अडली आणि सिझेरियन करावं लागलं तर २० ते २५ हजार आणखी. आणि सातऐवजी चारच पिल्लं झाली तर हाच खर्च पिल्लामागे ३२,००० वर जातो. म्हणून ३५,००० ऐकून लगेच ‘लुटतोय’ म्हणू नका. प्रश्न ९,००० वाल्याला विचारायचा: बाबा रे, यातलं काय काय तू केलंच नाहीस?

एक अपवाद मात्र खरा आहे. घरात पाळलेल्या लॅबला एकदा पिल्लं होऊ दिली, नर ओळखीतला, मादीचा खर्च तसाही होतच होता, साफसफाई घरचेच करतात. अशा घरी पिल्लामागे पाच-सहा हजारच प्रत्यक्ष खर्च येतो आणि ते १०-१२ हजारांना प्रामाणिकपणे देऊ शकतात. तिथे बहुतेक वेळा कागद नसतात आणि आईबापांचे एक्स-रे नसतात, पण पिल्लं आईजवळ वाढलेली, माणसांत रुळलेली असतात. निव्वळ घरचा सोबती हवा असेल तर बाजारातल्या १५ हजारांच्या पिल्लापेक्षा मी असं पिल्लू घ्यायला सांगेन.

बाकी स्वस्त पिल्लांत काटछाट ठरलेल्या जागी होते, आणि पहिली कात्री वयाला लागते. वरच्या हिशोबात बघा, खाद्य, लस, चिप हे सगळे खर्च चौथ्या ते आठव्या आठवड्यात येतात. पिल्लू पाचव्या आठवड्यात विकून टाकलं की हे सगळं वाचतं, आणि वर ते जास्त गोंडस दिसतं. बाजारात परवलीचं वाक्य आहे, ‘४५ दिवसांचं आहे’. श्वानप्रजनन आणि विक्रीच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, म्हणजे ४५ दिवस खरे असले तरी ते नियमाबाहेरच. आणि बऱ्याचदा ते ४५ सुद्धा नसतात.

वय ओळखायला पिल्लाचं तोंड उघडा. दुधाचे दात एकूण २८ असतात आणि आठव्या आठवड्यापर्यंत ते सगळे आलेले असतात. पुढचे बारीक दात आणि सुळे आहेत पण मागे हिरडी मोकळीच आहे, तर पिल्लू पाच आठवड्यांच्या आसपासचं. दुसरी खूण वजनाची. आठ आठवड्यांचं लॅबचं पिल्लू साधारण पाच ते सात किलो भरतं, पाच आठवड्यांचं तीन किलोच्या आगेमागे. सामान तोलायचा हुकाचा काटा आणि कापडी पिशवी सोबत न्या. विक्रेत्याला राग आला तर येऊ द्या.

इतक्या लवकर आईपासून तोडल्याचे परिणाम दोन. एक, पाच ते आठ आठवड्यांत भावंडांशी खेळताना किती जोरात चावायचं हे पिल्लू शिकतं. ते शिकायचं राहिलं की पुढे चार-पाच महिने तुमचे हात ओरबाडलेले असतात. दुसरा परिणाम जिवावरचा, तो म्हणजे पार्वो, पिल्लांच्या आतड्यांवर हल्ला करणारा विषाणूचा आजार.

पार्वोबद्दल जरा सविस्तर, कारण स्वस्त पिल्लाची खरी किंमत इथे चुकवावी लागते. जन्मल्यावर पहिल्या दिवशी आईच्या चिकातून पिल्लाला प्रतिपिंडं मिळतात. ती सहा ते सोळा आठवड्यांच्या दरम्यान हळूहळू संपतात, कोणाची लवकर, कोणाची उशिरा. ती अंगात असेपर्यंत लस नीट लागू पडत नाही. ती बऱ्यापैकी उतरली की लस लागू पडायला लागते, पण लस लागू पडण्याच्या आधीच काही दिवस असे येतात की आईचं संरक्षण विषाणूला रोखायला अपुरं असतं. नेमके कुठले दिवस, हे बाहेरून कळत नाही. म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी डोस देत जायचं आणि शेवटचा डोस सोळा आठवड्यांच्या आधी थांबवायचा नाही. ‘४५ दिवसांचं आहे, सगळी लसीकरणं पूर्ण’ हे वाक्य त्यामुळे शक्यच नाही. ज्या आईला स्वतःला लस दिलेली नाही, तिच्या चिकातून संरक्षणही फारसं येत नाही. ९,००० वाल्याची ही आणखी एक बचत.

विषाणू अंगात शिरल्यापासून लक्षणं दिसायला साधारण तीन ते सात दिवस लागतात, कधी दोन आठवडेही. म्हणजे दुकानातल्या पिंजऱ्यात लागण झालेलं पिल्लू तुमच्या हातात येतं तेव्हा शेपटी हलवत असतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी खाणं सोडतं, मग पिवळी फेसाळ उलटी, मग पातळ, रक्ताची, एका विशिष्ट कुजक्या वासाची शी. विक्रेत्याला फोन केला की उत्तर तयार असतं, ‘आमच्याकडे चांगलं होतं, तुम्ही दूध पाजलं असेल.’ या वयात उलटी आणि जुलाब एकत्र सुरू झाले तर ‘उद्या बघू’ करायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर. विष्ठेवरची किट-टेस्ट १०-१५ मिनिटांत निकाल देते, ६०० ते १,००० रुपयांत होते. विषाणूवर थेट औषध हाताशी नसल्यासारखंच आहे. सलाइन, उलटी थांबवणारी इंजेक्शनं, आतड्यातून रक्तात जाणाऱ्या जिवाणूंसाठी प्रतिजैविकं आणि सहन झालं की थोडं थोडं अन्न, यावर पिल्लू तगवायचं. दिवसाला २,००० ते ४,००० आणि असे चार ते सात दिवस. म्हणजे १० ते २५ हजार, आणि एवढं करून पिल्लू वाचेलच असं नाही. विषाणू घरात महिनोन् महिने टिकतो. फिनेलने तो मरत नाही. एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी या द्रावणाने फरशी पुसून दहा मिनिटं ओली ठेवायला हवी. आधी शी पूर्ण धुऊन काढायची, कारण घाणीवर ब्लीचचा जोर चालत नाही.

लसीची पुस्तिका बघताना रंगीत मुखपृष्ठाला भुलू नका. आत प्रत्येक डोससमोर लसीच्या बाटलीवरून सोलून चिकटवलेलं लेबल हवं, त्यावर बॅच नंबर आणि मुदत, शेजारी तारीख, डॉक्टरची सही आणि नोंदणी क्रमांक. नुसतं पेनाने ‘लस दिली’ लिहिलेलं असेल तर दिलीच नाही असं धरून डॉक्टरकडून पहिल्यापासून सुरू करा. काही विक्रेते लस स्वतःच टोचतात. तिची बाटली २ ते ८ अंशांत राहावी लागते. ती गाडीच्या डिकीतून दुपारभर फिरून आली असेल, तर टोचलं काय नि नाही काय.

आता कागद, म्हणजे केसीआयचं प्रमाणपत्र. केनेल क्लब ऑफ इंडिया चेन्नईहून चालतो. नोंदणीची पद्धत अशी की आई आणि बाप दोघेही नोंदलेले हवेत, ब्रीडर सगळ्या वेताची नोंद करतो, प्रत्येक पिल्लाला मायक्रोचिप बसते आणि प्रमाणपत्रावर तिचा १५ अंकी क्रमांक व तीन पिढ्यांची नावं येतात. पिल्लू विकलं की मालकी बदलाचा अर्ज भरून तुमच्या नावावर करायचं असतं.

इथे सगळ्यात जास्त चालणारी चलाखी ओळखून ठेवा: ‘कागदांसकट २५,०००, कागद नको असतील तर १८,०००.’ ऐकायला सोयीचं वाटतं. पण नोंदणीला आणि चिपला पिल्लामागे हजाराच्या आसपास खर्च येतो. मग सूट सात हजारांची कशी? एक तर वेत नोंदलेलंच नाही आणि कागद दुसऱ्याच पिल्लाचे येणार आहेत, किंवा तुम्ही नाकारलेला कागद उद्या बिननोंदणीच्या पिल्लाला चिकटणार आहे. दोन्ही बाबतींत तो माणूस सोडून द्यायचा. ‘कागद सहा महिन्यांनी येतील’ यालाही अर्थ नाही. प्रमाणपत्र यायला वेळ लागू शकतो हे खरं, पण चिप पिल्लाच्या मानेत आजच असायला हवी. पिल्लू ताब्यात घ्यायच्या दिवशी डॉक्टरकडे स्कॅनर फिरवून क्रमांक स्वतः वाचा आणि पावतीवर तोच लिहून घ्या. पूर्ण किंमत त्यानंतर द्या.

आणि कागद म्हणजे आरोग्याची हमी नव्हे. तो वंशावळ सांगतो, खुबा सांगत नाही. लॅब, गोल्डन, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर या जातींत खुब्याचा सांधा सैल किंवा उथळ घडण्याचा दोष आनुवंशिक आहे. आईबाप वर्षाचे झाल्यावर गुंगी देऊन खुब्यांचा एक्स-रे काढतात. एफसीआय या आंतरराष्ट्रीय श्वानसंघटनेच्या पद्धतीत त्याची ए ते ई अशी श्रेणी लागते, ए किंवा बी असेल तरच त्यांची पिल्लं घ्यावीत. हा एक्स-रे तीन-चार हजारांत होतो. तरी तो दाखवा म्हटल्यावर दहातले किती ब्रीडर दाखवतील हे मात्र विचारू नका. दोष असलेलं पिल्लू पाच ते दहा महिन्यांचं झालं की कळतं. पळताना मागचे दोन्ही पाय सशासारखे एकदम टाकतं, बसून उठताना कुरकुरतं, जिना टाळतं. फ्लॅटच्या गुळगुळीत टाइल्स आणि अंगावरची चरबी त्यात भर घालतात. शस्त्रक्रियेपर्यंत गेलं तर एकाच बिलात पिल्लाची किंमत मागे पडते. म्हणून ३५,००० सांगणाऱ्याकडेही हा एक्स-रे मागायचाच. त्याच्याकडे तो नसेल, तर त्याची किंमतही फुगवलेलीच आहे.

फुगवण्यासाठी बाजाराची स्वतःची भाषा आहे. ‘हेवी बोन’, ‘डबल बोन’, ‘पंच फेस’, ‘शो क्वालिटी’. हाडं काही दुप्पट नसतात. पाच आठवड्यांच्या जाडजूड पिल्लाला हेवी बोन म्हणतात, आणि कधीकधी ते पोट जंतांनी फुगलेलं असतं. जर्मन शेफर्डला ‘डबल कोट’ म्हणून चार-पाच हजार जास्त मागतात. प्रत्येक जर्मन शेफर्डला आतला मऊ आणि वरचा राठ असे दोन थर असतातच, त्यांना म्हणायचं असतं लांब केसांचा. पिल्लाला ‘शो क्वालिटी’ ठरवणं तर धाडसच, दात आणि चाल पक्की व्हायला कित्येक महिने जातात. ‘इम्पोर्टेड’ हा आणखी एक. व्यापारी प्रजननासाठी कुत्रे आयात करायला केंद्राने २०१६ मध्ये बंदी घातली. तेव्हा बहुतेक वेळा अर्थ एवढाच की आजा किंवा पणजा परदेशी होता. तसा असेल तर प्रमाणपत्रावरच्या तीन पिढ्यांत त्याचं नाव दिसेल. दिसत नसेल तर विषय संपला. छोट्या पॉमेरेनियनच्या नावाने ‘कल्चर पॉम’ म्हणून जे विकतात ती जात नाही, संकर आहे. पाळायला तो छान असतो, पण टॉय पॉमच्या भावाने घेऊ नका.

भावांचा साधारण पट्टा असा. लॅब कागदाविना ८ ते १५ हजार, कागदांसकट २० ते ४० हजार. गोल्डन रिट्रीव्हर त्याहून थोडा वर, कागदांसकट ३० ते ६०. जर्मन शेफर्ड आणि बीगल २५ पासून पुढे. शिह त्झू ३५ ते ६०, पण याच्या केसांचा खर्च निराळा: दर पाच-सहा आठवड्यांनी ग्रूमिंगचे १,२०० ते २,०००, जन्मभर. आपल्याकडे जुनी ओळखीची पांढरी पॉम, खरं तर इंडियन स्पिट्झ, ५ ते १० हजारांत मिळते आणि आपल्या हवेत मजेत राहते. फ्रेंच बुलडॉग ६० हजारांपासून दीड लाखांपर्यंत जातो. कारण उघड आहे, मोठ्या डोक्यामुळे बहुतेक बाळंतपणं सिझेरियनने होतात आणि पिल्लं कमी असतात. वर चपट्या नाकामुळे उन्हाळ्यात श्वासाचा त्रास आणि कधी नाकपुड्यांची शस्त्रक्रिया. हस्की ३० ते ६० हजारांना मिळतो, पण नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात त्याला एसीत ठेवावा लागेल. ते वीजबिल कुत्र्याच्या किमतीतच धरा. हस्की महाराष्ट्रात घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

रॉटवायलर, पिटबुल, केन कोर्सो अशा जाती घ्यायच्या असतील तर आधी महापालिकेत चौकशी करा. मार्च २०२४ मध्ये केंद्राने २३ जातींच्या विक्रीला आणि परवान्यांना मनाई करणारं पत्र राज्यांना पाठवलं. ते न्यायालयांत गेलं, कर्नाटक उच्च न्यायालयाने रद्दही केलं. तरी पैसे देण्याआधी तुमच्या शहरात परवाना मिळतो का हे विचारून घेतलेलं बरं.

आता लॅबच्या पहिल्या वर्षाचा खर्च. एकत्रित लसीचे तीन डोस, रेबीजचा तीन महिन्यांनी पहिला आणि नंतर बूस्टर, डॉक्टरची फी, असे सहा-सात हजार. जंताचं औषध तीन महिन्यांपर्यंत दर पंधरवड्याला आणि सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला, वर्षाचे दीडेक हजार. गोचिडांवर मानेवर टाकायचं औषध महिन्याला ५०० च्या आसपास, खायच्या गोळ्या घेतल्या तर ८०० ते १,०००. हा खर्च अनेकजण वाचवतात आणि पावसाळ्यानंतर टिक फीव्हर घेऊन दवाखान्यात येतात. ताप, फिक्या हिरड्या, नाकातून रक्त, प्लेटलेट्स कोसळलेल्या. रक्ततपासण्या आणि औषधांत सहज ५ ते १० हजार जातात, त्यात सहा महिने ते वर्षभराच्या गोचिडाच्या गोळ्या बसल्या असत्या.

खाद्य हा सगळ्यात मोठा आकडा. दोन महिन्यांचं, सहा किलोचं पिल्लू दिवसाला २०० ते २२० ग्रॅम कोरडं खाद्य खातं, तीस किलोचा वाढलेला लॅब ४०० ग्रॅमच्या आसपास. पहिल्या दहा महिन्यांत सुमारे १०५ किलो धरा. किलोमागे २५० रुपयांचं साधं खाद्य घेतलं तर २६,०००, ५०० चं घेतलं तर ५२,०००. घरचं चिकन-भात-अंडं केलं तरी महिन्याला तीन-चार हजार लागतातच. दूध-पोळीवर लॅब वाढत नाही. उलट बाजूची चूक म्हणजे पिल्लांचं खाद्य चालू असताना वरून कॅल्शियमचं सिरप पाजणं. मोठ्या जातींत जादा कॅल्शियमने हाडांची वाढच बिघडते. दुकानदार बाटली हातात ठेवतो, ती परत करा. घरचं जेवण देत असाल तर मात्र कॅल्शियम किती हे डॉक्टरकडून ठरवून घ्या. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका आणि चॉकलेट त्याच्या तोंडी लागू देऊ नका.

पिंजरा ४ ते ६ हजार, एकदाच मोठा घ्या आणि मध्ये आडोसा लावून लहान करा. भांडी, पट्टा, हार्नेस, चघळायची खेळणी यांचे तीन-चार हजार. शिकवायला माणूस लावला तर ८ ते १५ हजार. नसबंदीचे ७ ते १२ हजार, लॅबसारख्या मोठ्या जातीत ती किती महिन्यांनी करायची हे डॉक्टरला विचारून. दिवाळीत गावाला जाताना बोर्डिंग दिवसाला ७०० ते १,२००, आणि जागा महिनाभर आधी भरलेल्या असतात. महापालिकेच्या परवान्याचं शुल्क किरकोळ आहे, पण रेबीजच्या दाखल्याशिवाय तो मिळत नाही. शिवाय आजारपणासाठी १५-२० हजार बाजूला काढून ठेवा. विमा मिळतो, पण आनुवंशिक आणि आधीपासूनचे आजार बऱ्याचदा वगळलेले असतात, म्हणजे लॅबच्या खुब्याला त्याचा उपयोग होईलच असं नाही. अटींचं पान वाचल्याशिवाय हप्ता भरू नका.

बेरीज केली तर काटकसरीने ५० हजार, सैल हाताने सव्वा लाखापर्यंत. हे पहिल्या वर्षाचं, पिल्लाची किंमत सोडून. पुढे दहा-बारा वर्षं दर वर्षी ४० ते ८० हजार. या आकड्यांसमोर ९,००० आणि ३५,००० मधलं अंतर ठेवून बघा. ते २६,००० कुठे वाचवायचे आणि कुठे नाही, हे मग आपोआप दिसतं.

पाहायला जाताना एका दिवसात दोन ठिकाणी जाऊ नका, कपड्यां-चपलांवरून पार्वो तुम्हीच पोचवता. आई दाखवा म्हणा. ‘आई गावाला आहे’ असं उत्तर आलं तर ती पिल्लं घाऊक आणलेली आहेत. आईच्या सडांकडे बघा, दोन महिन्यांपूर्वी व्यालेल्या मादीचे सड ओघळलेले दिसतात. तिचं वय आणि आतापर्यंतची वेतं विचारा: नियमात दीड वर्षाच्या आत पिल्लं नाहीत, आयुष्यात पाचपेक्षा जास्त वेतं नाहीत. राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडच्या नोंदणीचं प्रमाणपत्र भिंतीवर लावलेलं हवं. पिल्लाच्या हिरड्या गुलाबी हव्यात. शेपटीखाली शी चिकटलेली नको. बेंबीवर बोटाने दाबून हर्निया आहे का बघा, नर असेल तर दोन्ही गोळ्या हाताला लागतात का बघा. कानात काळा चुरा असेल तर किडे. वाकून टाळी वाजवा, जवळ येणारं किंवा दचकून लगेच सावरणारं घ्या. कोपऱ्यात बसून राहिलेलं पिल्लू ‘शांत स्वभावाचं’ नसतं, बहुधा आजारी किंवा घाबरलेलं असतं. त्याची दया येऊन तेच उचलणारी माणसं पुढच्या आठवड्यात दवाखान्यात भेटतात.

न बघता पैसे पाठवू नका, ५०० चं टोकनही नाही. ठरलेला फसवणुकीचा मार्ग असा: परदेशी चाललेलं कुटुंब लॅब ‘फुकट’ देतं, मग विमानाचं भाडं, मग पिंजऱ्याचे, मग विम्याचे ‘परत मिळणारे’ पैसे. पिल्लू कधीच निघत नाही.

बजेट १५ हजारांच्या आत असेल, आणि लॅबच हवा असा हट्ट नसेल, तर कारवान आणि पश्मी बघा. लातूर-सोलापूर पट्ट्यातले हे शिकारी कुत्रे गावच्या ओळखीतून ५ ते १५ हजारांत मिळतात. कारवान केसांना आखूड, पश्मीच्या कानांवर आणि पायांवर लांब रेशमी झालर. कारवानला केसीआयचीही मान्यता आहे. त्यांचाच भाऊबंद मुधोळ. त्याच्यासाठी कर्नाटकात मुधोळ तालुक्यातल्या तिम्मापूरला पशुवैद्यकीय विद्यापीठाचं संशोधन केंद्र आहे, तिथेही पिल्लांची चौकशी करता येते. उष्ण हवा त्यांना बाधत नाही, केसांचा खर्च शून्य. पण रोज मोकळं पळायला जागा हवी, साखळीवर ठेवला तर कारवान बिघडतो. मांजर, कोंबडी दिसली की पाठलाग करणारच, आणि अनोळखी माणसाने डोक्यावरून हात फिरवलेला त्याला खपत नाही. फ्लॅटमध्ये सकाळी-संध्याकाळी तासभर द्यायची तयारी नसेल तर तोही घेऊ नका.

विक्रेता कुठलाही असो, पावतीवर सहा गोष्टी लिहून घ्या: जन्मतारीख, चिप क्रमांक, आईबापांची नावं, दिलेल्या लसी, रक्कम, आणि घेतल्यापासून दहा दिवसांत पार्वो किंवा डिस्टेंपर (पिल्लांचा दुसरा जीवघेणा विषाणूचा आजार) निघाला तर काय करणार. त्याच दिवशी, घरी जायच्या आधी, तुमच्या स्वतःच्या डॉक्टरकडे तपासणी. घरी आल्यावर आठवडाभर ब्रीडरकडे जे खात होतं तेच द्या, नवीन खाद्य त्यात पाव-पाव मिसळत वाढवा. अंघोळ नको, सोसायटीच्या बागेत खाली सोडणं नको. शेवटचा डोस होऊन दोन आठवडे होईपर्यंत बाहेर न्यायचं तर कडेवरच.